कोराडीची थंडी आणि रात्रीचे ओलित

कोराडीचे नाव घेतले की नागपूरकराला दोन गोष्टी आठवतात. एक महालक्ष्मी जगदंबेचे देवस्थान आणि दुसरी औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या. पहिलीकडे नवरात्रात माणसांची रीघ लागते. दुसरी छिंदवाड्याच्या रस्त्याने ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला बारा महिने दिसते. या दोहोंच्या आसपास, कामठी तालुक्याच्या काळ्या जमिनीत, शेतीही होते. गहू, हरभरा, कापूस, तूर, भाजीपाला आणि कोठे कोठे संत्र्यांची झाडे. मोटारीच्या काचेतून पाहणाऱ्याला ती हिरवी पट्टी चिमण्यांच्या पायाशी टाकलेल्या सतरंजीसारखी दिसते आणि मागे सरून जाते. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात त्या पट्टीवर माणसे कशी राहतात, केव्हा उठतात आणि केव्हा झोपतात, हे रस्त्यावरून कळण्यासारखे नाही.

बर्फ पडणाऱ्या मुलखातील हिवाळा चित्रपटांनी आपल्या घरोघरी पोहोचवला आहे. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनचे सुमारे ४० दिवस ‘चिल्लई कलां’ या नावाने ओळखले जातात. तेथील सफरचंदाची झाडे पाने गाळून निजलेली असतात, आणि ती थंडी पुरेशी मिळाल्याखेरीज वसंतात त्यांना नीट फुलोरा येत नाही. बागवान फिरनच्या आत कांगडी धरून घरात बसतो, कारण बर्फाखालच्या जमिनीत त्याला करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. कोराडीकडे बर्फ पडत नाही, आणि ही विश्रांतीही नसते. येथील कास्तकाराचे सर्वाधिक धावपळीचे दिवस नेमके याच गारठ्यात येतात.

या अंकाच्या वाचकांपैकी ज्यांची इतवारीत वा कळमन्यात पेढी आहे, त्यांचे वर्ष दिवाळीच्या वहीपूजनाने सुरू होते. कास्तकाराची खरी देवघेवही तेथूनच पुढे सुरू होते, हा योगायोग म्हणता येणार नाही. सोयाबीन नुकतेच विकलेले असते, कापसाची पहिली वेचणी घरात येऊ लागलेली असते आणि त्याच पैशातून गव्हाचे बियाणे व खत घ्यायचे असते. पेढीवर नव्या वहीचे पहिले पान कोरे असते तेव्हा शेतात नांगरट, पेरणी आणि पहिले पाणी या तिन्ही गोष्टी एकमेकींवर पडलेल्या असतात.

कोराडीच्या परिसरातील एका घराचा हिवाळा येथे सांगावयाचा आहे. पाच एकर जमीन, एक विहीर, तीन अश्वशक्तीची मोटर, दोन म्हशी, एक गाय आणि तिचे वासरू. दोन एकर गहू, एक एकर हरभरा, एका एकरात कापूस व मधून मधून तुरीच्या ओळी, आणि उरलेल्या एकरात शंभरेक संत्र्याची झाडे. घरात म्हातारे बाबा, दोन मुलगे, थोरली सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडे. थोरला मुलगा वीज केंद्राच्या कोळसा हाताळणी विभागात कंत्राटी कामगार आहे. शेत धाकट्याच्या अंगावर आहे. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे शेत अजून त्यांच्याच अंगावर आहे.

दिवस पहाटे चारला सुरू होतो. सून आधी गोठ्यात जाते. वासराच्या पाठीवर रात्री बांधलेले गोणपाट दवाने जड झालेले असते. ते काढून ती चुलीजवळ टाकते. धारा काढून झाल्या की चुलीत पऱ्हाट्या सरकवल्या जातात. गेल्या हंगामातील कपाशीची वाळलेली झाडे हेच या भागातले हिवाळ्याचे सरपण. पऱ्हाटी पटकन पेटते आणि पटकन विझते, त्यामुळे चुलीपाशी एक माणूस सतत बसलेला लागतो. हे काम बाबांनी स्वतःहून घेतले आहे. आधणाचे पाणी, चहा, नातवंडांच्या आंघोळी हे सगळे त्यांच्या देखरेखीखाली चालते. सहाच्या सुमारास दूध डेअरीवर जाते. तोवर बाहेर धुके आणि चिमण्यांतून निघणारा वाफेचा पांढरा लोट यांतली सीमा कळत नाही.

कापूस वेचायला बाया आठलाच बांधावर येतात, पण बोंडाला हात लावत नाहीत. दव सुकेपर्यंत थांबावे लागते. कारण व्यापारी वाचकांना सांगायला नको. भारतीय कापूस महामंडळ ८ टक्के ओलावा प्रमाण मानते आणि १२ टक्क्यांच्या पुढचा माल घेत नाही. मधल्या प्रत्येक टक्क्याला भावात कपात होते. दवाने भिजलेला कापूस वजनात भरतो आणि भावात मार खातो. शिवाय ढिगात तो पिवळा पडतो, ते वेगळेच. म्हणून हिवाळ्यातला एक-दीड तास रोज शेकोटीभोवती जातो. मजुरीच्या हिशेबात तो तासही असतो, आणि त्यावरून बाबांची कुरकुरही असते.

हरभऱ्याच्या शेतात मात्र दव कामाला येते. हरभऱ्याच्या पानांवर आंबट द्रव असतो. रात्री शेतावर स्वच्छ पांढरे फडके अंथरून ठेवावे, पहाटे ते दवासह पिळून घ्यावे, त्यातून जी आंब मिळते ती पोटदुखीवर जुन्या घरांतून जपून ठेवलेली असे. हल्ली आंब धरणारी घरे कमी झाली. बाबा अजून दर पौषात एक बाटली भरतात, तिच्यावर चिठ्ठी लावतात आणि ती बाटली सहसा कोणी मागत नाही. याच आंबेमुळे अनवाणी शेतात फिरणाऱ्या माणसाच्या पायांच्या भेगा चुरचुरतात. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडले की झाडाला फुटवे अधिक येतात आणि घरात भाजीही होते. तुरीच्या हिरव्या शेंगा सोलून निघालेल्या दाण्यांना विदर्भात सोले म्हणतात. सोल्यांची भाजी, सोलेभात आणि ज्वारीची गरम भाकरी हे हिवाळ्यातले जेवण एवढे सोपे आणि इतके पुरेसे असते की त्याचे वर्णन करण्यापेक्षा ते त्या चुलीजवळ बसून जेवावे.

थंडीबद्दल कास्तकाराची तक्रार नसते, ही गोष्ट शहरातल्या माणसाला चटकन पटत नाही. गव्हाला थंडी हवीच. ती लवकर सरली तर फुटवे कमी येतात, ओंब्या घाईने बाहेर पडतात आणि दाणा बारीक राहतो. संत्र्याच्या सालीला जो केशरी रंग चढतो तोही गार रात्रींची करामत आहे; रात्री उबदार राहिल्या तर फळ आतून गोड होऊनही बाहेरून हिरवटच राहते आणि बाजारात मागे पडते. आंबिया बहाराच्या झाडांना तर डिसेंबरात मुद्दाम पाणी तोडून ताण देतात. थंडी आणि कोरडी जमीन या दोन्हींनी झाड थांबते. मग जानेवारीत पाणी देऊन ताण तोडला की फुले एकदम येतात. तेव्हा वर्षभराच्या उत्पन्नाची किल्ली याच गारठ्यात फिरवायची असते, आणि ती फिरवायला पाणी लागते. पाण्याला वीज लागते.

या घराचे खरे वेळापत्रक सूर्यावर चालत नाही. ते दाराच्या आतल्या बाजूला डकवलेल्या एका कागदावर चालते. त्यावर धाकट्याने शेतीपंपाच्या विजेच्या पाळ्या लिहून ठेवल्या आहेत. महाराष्ट्रात गावठाणाची वीजवाहिनी आणि शेतीपंपाची वाहिनी बहुतेक ठिकाणी वेगळ्या करण्यात आल्या. त्यामुळे घरातला दिवा चोवीस तास लागू शकतो, पण विहिरीवरच्या मोटरीला लागणारा तीन फेजचा पुरवठा पाळीने मिळतो. अनेक वर्षे या पाळीचे स्वरूप ठरलेले होते. आठवड्यातील काही दिवस दिवसा ८ तास, उरलेले दिवस रात्री १० तास. लोक तिला नुसते ‘लाईन’ म्हणतात. लाईन आली, लाईन गेली, आज लाईन रात्रीची आहे. सोयरीक, तेरवी, नातवंडाचे बारसे, सर्व काही ठरवताना आधी त्या कागदाकडे पाहिले जाते.

गव्हाचे शास्त्र येथे आड येते. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात, तेव्हा पहिले पाणी. ४० ते ४५ दिवसांनी पीक कांडी धरते, तेव्हा दुसरे. ६० ते ६५ दिवसांनी फुलोऱ्याचे, ८० ते ८५ दिवसांनी दाणा भरतानाचे. १५ नोव्हेंबरच्या आसपास पेरलेल्या गव्हाचे दुसरे पाणी हिशेबाने २५ ते ३० डिसेंबरच्या दरम्यान पडते. वर्षातल्या सगळ्यांत थंड रात्री त्याच.

२०१८ साल विदर्भातील कास्तकाराला दोनदा आठवते. त्या फेब्रुवारीत विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली. गव्हाच्या आडव्या पडलेल्या ओंब्यांवर पांढरा थर साचला होता. कोराडीकडचे बर्फ ते एवढेच. आणि त्याच वर्षाच्या शेवटी, २९ डिसेंबरला, नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. त्या तारखांना ते साधारणतः १२ अंशांच्या आसपास असते. मैदानी भागात किमान तापमान ४ अंश किंवा त्याहून खाली गेले की हवामान विभाग थंडीची लाट मानतो, म्हणजे ती लाट कोणत्याही व्याख्येने लाटच होती. तापमापी जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर, पांढऱ्या लाकडी पेटीत टांगलेली असते. उघड्या आकाशाखाली, ओल्या पिकात, घोट्याच्या उंचीवर किती अंश असतील, त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

त्या रात्री कागदावर रात्रपाळी होती. थोरलाही रात्रपाळीला गेला होता, केंद्रात. धाकटा दहाला शेतात पोहोचला. डोक्याला मफलर, अंगावर दोन स्वेटर, त्यावर घोंगडी, हातात फावडे आणि विजेरी. दहाला लाईन आली, मोटर चालू झाली आणि पाट वाहू लागला. ओलिताचे काम दुरून सोपे दिसते. पाण्याला सारा दाखवायचा, तो भरला की फावड्याने माती सरकवून बारे बंद करायचे आणि पुढचे उघडायचे. दर पंधरा-वीस मिनिटांनी हे करावे लागते, म्हणून मध्ये झोपता येत नाही आणि सतत कामही नसते की अंग गरम राहील. एक गंमत मात्र आहे. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट असते. पाटातून त्याची वाफ निघताना दिसते. त्यात पाय आहेत तोवर बरे वाटते. पाय बाहेर काढला, वारा लागला, की हाडे दुखतात. रात्रभर तो पाण्यात उभा राहिला असेल तर त्याचे एक कारण हेही होते.

दीड वाजता लाईन गेली. बांधापलीकडच्या दोन मोटरीही थांबल्या आणि एकदम शांतता झाली. शेत अर्धे भिजले होते. लाईन परत केव्हा येईल ते ठाऊक नसते, म्हणून घरी जाता येत नाही. स्टार्टरला ऑटोस्विच लावावा तर लाईन येताच एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, त्या भाराने डीपी जळते आणि मग आठवडाभर सगळ्यांचेच पीक वाळते. त्यामुळे तो लावू नका, असे वीज कंपनी सांगत असते. समजूतदार लोक लावत नाहीत आणि थंडीत बसून राहतात. धाकट्याने तुराट्या गोळा करून शेकोटी केली. उत्तरेकडे केंद्राचे दिवे लखलखत होते. त्या उजेडात पिकाच्या ओळीसुद्धा दिसत होत्या.

अडीचच्या सुमारास बांधावरून काठीचा आवाज आला. बाबा होते. हातात चहाची किटली.

“बाबा, तुमी कायले उठले?”

“झोप येत नाही बाप्पा. मोटर बंद झाली का जाग येते. गेली काय लाईन?”

“दीडलाच गेली.”

“येईन. तू शेक जरा. मी पायतो पाट.”

मोटर चालू असताना म्हाताऱ्या माणसाला झोप लागते आणि ती बंद पडली की जाग येते, हे चाळीस वर्षांच्या सवयीचे फळ. सव्वातीनला लाईन आली. उरलेले सारे बाप-लेकांनी मिळून भिजवले. सकाळी सातला थोरला पाळी संपवून परस्पर शेतावरून घरी आला, तेव्हा दोघे परतत होते. रात्रभर वीज करणारा आणि रात्रभर तिची वाट पाहणारा असे दोघे भाऊ एकाच घरचे. या गोष्टीवर त्या घरात कोणी कधी भाष्य केले नाही. सुनेने तिघांपुढे चहा ठेवला आणि बाबांच्या खोकल्याकडे पहिल्यांदा तिचेच लक्ष गेले.

शेतीला रात्रीच वीज का, याचे उत्तर दुष्टाव्यात शोधू नये. दिवसा कारखाने, कार्यालये, दुकाने यांची मागणी मोठी असते. मध्यरात्री ती खाली येते. पण कोळशावरचा संच दिव्यासारखा विझवून पुन्हा लावता येत नाही. त्याचा बॉयलर तापलेला ठेवावा लागतो आणि ठराविक मर्यादेखाली तो उतरवणे परवडत नाही. रात्री दोन वाजता गिऱ्हाईक नसलेल्या या विजेला कोणीतरी घेणारा हवा. तो घेणारा म्हणजे शेतीपंप. व्यापाराच्या भाषेत, दुकानात उरलेला माल रात्री उठवायचा आणि उधारीच्या गिऱ्हाइकाला सांगायचे की तू रात्रीच ये. व्यवस्थेच्या दृष्टीने हे चातुर्यच आहे. गिऱ्हाइकाच्या अंगावर काय येते, हा प्रश्न व्यवस्थेच्या गणितात बसत नाही.

आकडे पाहण्यासारखे आहेत. कोराडी केंद्राचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. पुढे जुने छोटे संच निवृत्त होत गेले आणि २०१५ ते २०१७ या काळात प्रत्येकी ६६० मेगावॅटचे ३ नवे संच उभे राहिले. असा एक संच पूर्ण क्षमतेने चालत असेल तर एका सेकंदात सुमारे १८३ युनिट वीज तयार होते. तीन अश्वशक्तीची मोटर रात्री ८ तास चालली तर तिला १८ ते २० युनिट लागतात. म्हणजे त्या शेतातून ज्याचे दिवे दिसतात, त्या केंद्राचा एकच संच डोळ्याची पापणी लवून पुन्हा उघडेपर्यंत निदान एका-दोघा कास्तकारांची अख्खी रात्र तयार करतो, आणि एका सेकंदात नऊ-दहा जणांची. वीज अर्थात केंद्राच्या दारातून शेजाऱ्याला वाटली जात नाही; ती राज्याच्या जाळ्यात जाते आणि तेथून वाटणीने येते. हे सर्व धाकट्याला ठाऊक आहे. तरीही शेकोटीपाशी बसलेल्या माणसाची नजर दिव्यांकडे जायची ती जातेच.

आता त्या गव्हाचा हिशेब. दोन एकरांचा गहू, एकरी १२ क्विंटल धरला तर २४ क्विंटल. त्या हंगामासाठी सरकारचा हमीभाव क्विंटलला १,८४० रुपये होता. त्याने ४४,१६० रुपये होतात. मोटर एका रात्रीत एक एकर भिजवते असे मानले, तर पाच पाण्यांना दहा रात्री आणि हरभऱ्याच्या दोन, अशा बारा. रात्रीच्या कामाला गडी लावला असता आणि त्याने रात्रीचे ३०० रुपये घेतले असते असे धरले तर ३,६०० रुपये. गव्हाच्या एकूण रकमेच्या शेकडा आठ. कोणताही व्यापारी शेकडा आठची बाब वहीत लिहिल्याशिवाय राहणार नाही.

कास्तकाराच्या वहीत ती नसते. पीककर्जाची मर्यादा जिल्ह्याची तांत्रिक समिती हेक्टरी ठरवते. तीत बियाणे, खत, औषध, मशागत, मजुरी असते. हमीभाव सुचवणारा कृषिमूल्य आयोग घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल धरतो. २०१८ च्या अर्थसंकल्पात उत्पादनखर्चाच्या दीडपट भावाचे तत्त्व जाहीर झाले आणि ते राबवताना प्रत्यक्ष खर्च अधिक घरचे श्रम हाच पाया धरला गेला. तेव्हा श्रम मोजलेच जात नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण तो श्रम दिवसाच्या मजुरीच्या दराने मोजला जातो. ३.५ अंशांच्या रात्रीचा वेगळा दर कोठे नाही. बँकेच्या तपासणीला जाणारा अधिकारीही शेतावर दिवसा जातो. पीक हिरवे दिसले, विहीर दिसली, मोटर दिसली की त्याचा अहवाल पूर्ण होतो.

बाबांचा खोकला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात छातीत उतरला. न्यूमोनिया निघाला. दवाखान्यात अकरा दिवस काढावे लागले. कापसाचे आलेले पैसे तेथे गेले, आणि संत्र्यांच्या ताण तोडण्यासाठी ठेवलेल्या खताचे पैसेही गेले, म्हणून बागेला त्या वर्षी खत निम्मेच पडले. थोरली सून घरचा हिशेब ठेवते. शाळेच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर ती पिकाप्रमाणे खाती लिहिते, आणि फार नीट लिहिते. दवाखान्याची रक्कम तिने ‘घरखर्च’ या खात्यात टाकली. ‘गहू’ या खात्यात टाकली असती तर त्या वर्षीचा गहू नुकसानीत दिसला असता. जमाखर्चाच्या शास्त्राने पाहिले तर तिची नोंद बरोबर आहे. ज्या रात्री तो आजार अंगात शिरला त्या रात्रीच्या कामाला मात्र कोणत्याच खात्यात जागा नव्हती.

बाबा बरे झाले. फाल्गुनात ते पुन्हा बांधावर दिसू लागले, पण रात्रीचे ओलित त्यांना बंद झाले. घरातल्या कोणीही आज्ञा केली नाही. सुनेने किटली कुलपाच्या फडताळात ठेवली, एवढेच.

सरकारला हे सर्व दिसत नाही असे नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे तिचे पहिले प्रयोग झाले. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. कल्पना सरळ आहे. सौरऊर्जा दिवसाच तयार होते, साठवणे महाग पडते, तेव्हा शेतीची वाहिनी गावाजवळच्या सौर प्रकल्पाला जोडावी, म्हणजे कास्तकाराला दिवसा पाणी देता येईल. २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजनाही आली, आणि त्याच वर्षी एप्रिलपासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल माफ करण्याचा निर्णय झाला. बिल माफ झाल्याचा आनंद या घरातही झाला. पण एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. बिलाचा प्रश्न आणि वेळेचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फुकट लाईनसुद्धा रात्री दोन वाजता आली तर तिच्यासाठी रात्री दोन वाजताच उठावे लागते.

बांधापलीकडच्या एका शेतात सौरपंप बसला आहे. धुके असलेल्या दिवशी तो नऊ-साडेनऊपर्यंत नीट पाणी ओढत नाही आणि चारनंतर त्याचा जोर ओसरतो. मधले पाच-सहा तास मात्र तो चालतो. त्या घरातले ओलित आता बाया करतात. दुपारी बारा वाजता, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, फावडे हातात. पूर्वी रात्रीच्या अंधारात, रानडुकरांच्या आणि रोह्यांच्या वावरात, त्यांना कोणी शेतात पाठवले नसते. त्यामुळे ओलित हे पुरुषांचेच काम ठरून गेले होते. पाण्याची वेळ बदलताच काम करणारे हातही बदलले, हे कोणत्याही योजनेच्या माहितीपत्रकात लिहिलेले नसावे. थोरली सून ते रोज पाहते. सौरपंपाचा अर्ज भरताना लागणाऱ्या सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी धाकट्यामागे तगादा तिनेच लावला. बाबांचा सौरपंपावर विश्वास नाही. ढगाळ दिवस आला की ते मुद्दाम बांधापर्यंत चालत जातात, पलीकडचा पाट कोरडा असल्याची खात्री करून परत येतात आणि जेवताना ती बातमी सांगतात.

थंडीच्या लाटेसाठी कृषिशास्त्रज्ञ जो सल्ला देतात तो या संदर्भात ऐकण्यासारखा आहे. कडाक्याच्या रात्री बागेला संध्याकाळी किंवा रात्री पाणी द्यावे, ओली जमीन उष्णता धरून ठेवते. बागेत जागोजागी काडीकचरा पेटवून धूर करावा. म्हणजे लाट आली की पिकाच्या भल्यासाठीही रात्रीच जागायचे. तेव्हा दिवसा वीज मिळाल्याने हिवाळ्यातले प्रत्येक जागरण टळेल असे कोणी समजू नये. डुकरांसाठी जागल करावीच लागते, लाटेच्या दोन-तीन रात्री धूर करावा लागतो. पण त्या रात्री कास्तकार स्वतः निवडतो, आणि शेकोटीपाशी कोरड्या पायांनी बसतो.

अर्ज गेला आहे. मंजुरी यायची आहे. दाराच्या आतला कागद अजून जागेवर आहे आणि धाकट्याने त्यावर या आठवड्याची पाळी नव्या शाईने लिहिली आहे. शुक्रवारपासून रविवारपर्यंत रात्र, सोमवारपासून दिवस. संत्र्यांचा ताण तोडायची वेळ झाली आहे, पण झाडे आणखी तीन दिवस थांबू शकतात, म्हणून बागेचे पाणी सोमवारवर टाकले आहे. गहू थांबणार नाही. त्याला शुक्रवारी रात्री पाणी आहे, आणि थोरल्याची त्या दिवशी सुटी असल्याने यंदा दोघे भाऊ मिळून जाणार आहेत.